पपईच्या बागेत उलटी टांगलेली डावी चप्पल

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे. डाव्या पायाची. जमिनीवर शोधू नका, मान वर करा, म्हणजे दिसेन. शहाद्याहून सारंगखेड्याकडे जाताना रस्त्याला लागून पपईची एक बाग आहे. तिच्या कोपऱ्यात एक बांबू रोवला आहे आणि त्याच्या टोकाला काळ्या दोऱ्याने मला उलटी टांगले आहे. माझ्याबरोबर एक लिंबू आणि सात मिरच्याही होत्या. लिंबू वाळून गळून पडले, मिरच्या पाखरांनी नेल्या. बागेला कुणाची नजर लागू नये एवढेच आता माझे काम आहे.

मी स्वतःला जुनी म्हणते, पण माझा तळ बघा. तो जेमतेम झिजला आहे. माझी जोडीदारीण, म्हणजे उजवी, अजून रोज कामावर जाते आणि तिचा तळ पापडासारखा झाला आहे. आम्ही दोघी एकाच दिवशी, एकाच हातून जन्मलो. मग हा फरक कसा पडला, ते मी सांगणार आहे. माझ्या बोलण्यात कडवटपणा आला तर समजून घ्या. चपलेशी जन्मात कोणी गोड बोलत नाही, त्यामुळे आम्हालाही ते जमत नाही.

माझा जन्म शहाद्याच्या एसटी स्टँडजवळ, नवल नावाच्या कारागिराच्या टपरीत झाला. भाईदास नावाचे बासष्ट वर्षांचे शेतकरी त्याच्यासमोर स्टुलावर बसले होते. त्यांची सून दिपाली हातात डॉक्टरांची चिठ्ठी धरून उभी होती. भाईदासांना बारा वर्षांपासून साखरेचा आजार होता. त्यांच्या पायांना मुंग्या येत आणि तळव्यांना हळूहळू काही कळेनासे होत चालले होते. म्हणून डॉक्टरांनी मऊ रबराची, मागे पट्टा असलेली आणि एकही खिळा न ठोकलेली चप्पल करून घ्यायला सांगितली होती. खिळा कधी तळातून वर आला, तर अशा माणसाला ते कळत नाही.

नवलने जमिनीवर वर्तमानपत्र पसरले, त्यावर भाईदासांचा डावा पाय ठेवला आणि बॉलपेनने कडेकडेने रेघ ओढली. ओढता ओढता पेनाचे टोक तळव्याखाली घुसले. पाय जागचा हलला नाही. नवलने वर बघितले.

"आबा, तुमले काही लागनं नही का?"

"काय लागी? शेतकरीना पाय शे हाऊ," भाईदास हसून म्हणाले.

नवल हसला नाही. त्याने खाली टणक रबर घेतले, वर बोट दाबले की दबेल असे मऊ रबर चिकटवले आणि कडेने जाड दोऱ्याची शिवण घातली. मित्रांनो, मला घडवताना त्याने जेवढा विचार केला, तेवढा विचार मी पुढे फारशा माणसांना करताना पाहिला नाही.

पहिले दोन महिने माझे सुखाचे गेले. डॉक्टरांनी घरातसुद्धा चप्पल घालायला सांगितले होते. त्यामुळे चपलांना कधीच मिळत नाही तो मान मला मिळाला. मी उंबरा ओलांडून आत गेले! भाईदासांची बायको जसोदाबाई सुरुवातीला नाक मुरडत असे, पण देवघराची खोली सोडून बाकी घरात तिने मला फिरू दिले. दिपाली रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने माझा तळ पुसायची आणि त्याच वेळी आबांचे तळवेही बघायची. मला वाटले, आता माझा जन्म असाच जाईल.

मग रतिलालभाई आले.

रतिलालभाई शेजारच्या गल्लीत राहत. कारखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झालेले, हातात भरपूर वेळ आणि त्याहून जास्त मोबाईल. रोज पहाटे उठून लोकांना शहाणपणाचे निरोप पाठवायचे, हे त्यांनी मनापासून अंगावर घेतलेले काम होते. त्या हिवाळ्यात त्यांना अनवाणी चालण्याचा शोध लागला. तळव्यात म्हणे सगळ्या शरीराच्या चाव्या असतात. दवावर चालले की डोळ्यांचा चष्मा जातो, गुडघे सुटतात, झोप लागते, राग कमी होतो. जमिनीतून काहीतरी शक्ती वर चढते आणि आमच्यासारख्या रबराच्या चपला तिला अडवून धरतात. म्हणजे बघा, इतकी वर्षे आम्ही काटे अडवले, विंचू अडवले, काचा अडवल्या, आणि नाव झाले शक्ती अडवल्याचे.

"भाईदास, चप्पल काढ आन दवमा चाल," रतिलालभाई म्हणाले. "एक महिनामा शुगर उतरी जाई. मी मोबाईलमा दखेल शे."

"आबा, डॉक्टरनी घरमा बी चप्पल घालाले सांगेल शे," दिपाली स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मन्हा बाप नव्वद वरीस अनवाणी फिरना. त्याले काय व्हयनं?" भाईदासांनी तिला गप्प केले.

बापाला साखरेचा आजार नव्हता, हे तिथे कोणी बोलले नाही. मी बोलले असते. पण चपलेने तोंड उघडले की माणसे ती फाटली म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून भाईदास पहाटे वावरात जाऊ लागले. बांधाला लागून गुरांसाठी लसूणघासाचा हिरवा पट्टा होता. तिथे मला आणि उजवीला काढून ते दवात चालायचे. खोटे बोलणार नाही, त्यांना तसे चालताना बघून मलाही बरे वाटायचे. धोतर जरा वर खोचलेले, हात मागे बांधलेले, तोंडाने कसलेसे भजन चाललेले. लहानपणी तापीच्या गाळात पाय रुतवून पळायचे, पायाच्या बोटांमधून चिखल वर यायचा, हे ते जसोदाबाईला रंगवून सांगत. उघड्या पायाला माती लागण्यात सुख आहे, हे मी चप्पल असूनही कबूल करते. ज्याच्या पायाला माती कळते, त्याने ते सुख जरूर घ्यावे.

भाईदास म्हणायचे, "काय गार लागस!" ते गार त्यांना घोट्याला लागत होते. तळव्याला काहीच लागत नव्हते.

तुम्ही विचाराल, दवातले चालणे संपल्यावर निदान वावरात काम करताना तरी त्यांनी चप्पल का घातली नाही? त्याला कारण होते. त्या घराण्यात आजोबांपासून एक रीत होती. वावरात चप्पल न्यायची नाही. जमीन देव आहे, तिच्यावर चप्पल ठेवायची नाही. ही रीत मालकाला होती आणि मजुरांनाही होती. त्यामुळे बांधावर माझ्या शेजारी रोज आणखी एक जोड पडलेला असे. निळी हवाई चप्पल, एका पट्ट्याला पिन लावलेली. ती नानीबाईची होती.

नानीबाई सातपुड्यातली. धडगावच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरची. ती आणि तिचा नवरा या बागेच्या राखणीला राहिले होते आणि बागेतल्याच झोपडीत त्यांचा संसार होता. घरी तिची बोली वेगळी, पण मालकाशी ती अहिराणीत बोलायची. लहानपणापासून ती अनवाणीच चालली होती, कारण पायात घालायला काही नव्हते. ती निळी चप्पल तिची पहिलीच. बाजाराला जाताना नानीबाई ती हातात धरून चालायची आणि शहादा आले की पायात घालायची, असे निळीनेच मला सांगितले. नानीबाईच्या टाचांना एवढ्या भेगा होत्या की त्यांत ती मेणबत्तीचे मेण भरायची. पायात काटा मोडला की बांधावर बसून बाभळीच्याच काट्याने तो काढायची आणि काढताना ओठ घट्ट मिटून घ्यायची. अनवाणी चालण्याचे फायदे तिला अजून कोणी मोबाईलवर पाठवले नव्हते.

जानेवारी संपत आला तेव्हा एका सकाळी भाईदास ओरडतच घरी आले.

"मुंग्या गयात! दख, मन्हा पायन्या मुंग्या गयात!"

घरात आनंदीआनंद झाला. जसोदाबाईने देवापुढे साखर ठेवली. रतिलालभाईंनी ही बातमी चार ठिकाणी पाठवली. भाईदास औषधाची एक गोळीही आपल्या मनाने कमी करून बसले. मुंग्या गेल्या होत्या हे खरेच होते. पण त्या बऱ्या होऊन गेल्या नव्हत्या. पायातले जे काही थोडेफार जागे होते, तेही आता झोपले होते. दिपालीला शंका आली. ती म्हणाली, एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ. बरे झालेल्या माणसाला दवाखान्यात कशाला न्यायचे, असे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवले.

त्या दिवसापासून मी घराबाहेर गेले. उंबऱ्याच्या आत माझी गरज उरली नाही. घर ते बांध एवढाच माझा प्रवास राहिला. संध्याकाळी दिपाली पाय बघायला आली की भाईदास पाय आखडून घेत आणि म्हणत, मी काय लहान पोरगा आहे? शेवटी तिनेही विचारणे सोडले. तिचा राग मला अजून आलेला नाही, पण वाईट मात्र फार वाटते.

मग आखाजी आली.

मित्रांनो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात तिचे महत्त्व दिवाळीएवढे. घरोघरी पितरांची घागर भरतात, पुरणपोळी आणि आमरस होतो, माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात. शेतीचे नवे वर्षही त्याच दिवशी धरतात. भाईदासांच्या घरी त्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्याने वावराच्या चारही कोपऱ्यांवर अनवाणी जाऊन तांब्यातले पाणी घालायचे असते. हे सकाळी, ऊन चढायच्या आत उरकतात. त्या वर्षी सुरतेला नोकरीला असलेला मुलगा, दिपालीचा नवरा, उशिरा पोहोचला. घागरीची पूजा लांबली. जेवणे लांबली. सगळे वावरात पोहोचले तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता.

एका अंगाला पपईची बाग आणि दुसऱ्या अंगाला कापसासाठी नांगरून टाकलेले काळे रान. त्या रानात सावलीचा ठिपका नव्हता. भाईदासांनी बांधावर मला काढले, शेजारी उजवीला ठेवले, तांब्या उचलला आणि ढेकळांत उतरले. जसोदाबाई मागोमाग उतरली आणि दोन पावलांत उडी मारून परत बांधावर आली.

"अई माय! जमीन शे का चुल्हा शे!"

मुलगाही चार पावले जाऊन नाचत परत आला. सगळे हसले. आणि भाईदास मात्र संथपणे चालत होते. पहिला कोपरा, दुसरा कोपरा. मध्येच थांबून त्यांनी मागे वळून बघितले आणि हात हलवला.

"माले तं काहीच लागत नही!"

बरोबर आलेले रतिलालभाई बांधावरच्या निंबाच्या सावलीत उभे होते. त्यांच्या पायात जाड बूट होते, हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी मोबाईल काढून चित्रण सुरू केले. "दखा, हाई शे उघडा पायनी ताकद! चार महिनामा दखा काय फरक पडना!"

जसोदाबाईच्या चेहऱ्यावर अभिमान होता. मुलाच्या चेहऱ्यावर अभिमान होता. बांधावर पडल्या पडल्या मी रबराच्या कणाकणाने ओरडत होते, पण ते कोणाला ऐकू जाणार? फक्त एकच बाई हसत नव्हती. बागेच्या कडेला झोपडीसमोर उभी राहून नानीबाई बघत होती. ती पुढे आली.

"शेठ, मन्हा पाय जनमपाईन उघडा शेतस. तरी जळतस. तुमना काबर जळतस नही?"

"तुले काय समजस त्यामातलं?" रतिलालभाई म्हणाले आणि मोबाईल तिच्यावरून बाजूला फिरवला.

तेव्हा नानीबाईने जे केले, ते मी विसरणार नाही. तिने वाकून मला आणि उजवीला उचलले, छातीशी धरले आणि त्या तापलेल्या ढेकळांतून भाईदासांकडे धावत सुटली. प्रत्येक पावलाला तिचा श्वास तुटत होता, ते मला तिच्या छातीशी कळत होते. ती अर्ध्या रानापर्यंत पोहोचली. भाईदासांनी वळून बघितले आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"ए नानी! वावरमा चप्पल? आखाजीना दिवस शे आज! ठेव ती बांधवर!"

ती थांबली. मी त्यांच्या पायांपासून पाच-सहा हातांवर होते, मित्रांनो. फक्त पाच-सहा हात. जसोदाबाईही बांधावरून ओरडली. नानीबाईने एकदा मालकाच्या पायांकडे बघितले, एकदा माझ्याकडे, आणि ती परत फिरली. आली तशीच जळत गेली. मला जागेवर ठेवून तिने हात जोडले आणि झोपडीत गेली. भाईदासांनी राहिलेले दोन्ही कोपरे पुरे केले. घाई केली नाही.

परत आल्यावर त्यांनी माझ्यावर पाय ठेवला. तेव्हाच मला कळले. माझ्या मऊ रबराला ओल लागली. तो घाम नव्हता. तळव्याची कातडी फुग्यासारखी सुटली होती आणि टाचेखाली एक फोड फुटला होता. भाईदास त्यावर चालत घरी गेले, आमरस प्याले आणि दुपारभर गप्पा मारत बसले.

तिसऱ्या दिवशी अंगण झाडताना दिपालीने मला बाजूला सरकवण्यासाठी उचलले. तिने तळावरचा डाग बघितला, मला नाकाशी नेले आणि तशीच आत धावली.

"आबा, पाय दखाडा. दखाडा म्हणस ना!"

ती पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडली. त्यांनी पाय दाखवला. उजव्याला फोड होते, ते पुढे भरून आले. डावा मात्र काळा पडत चालला होता. शहाद्याचा दवाखाना झाला, नंदुरबारचा झाला, मग मुलगा त्यांना सुरतेच्या दवाखान्यात घेऊन गेला. मीही पिशवीतून गेले होते. खाटेखाली एकवीस दिवस पडून होते. डॉक्टरांनी भाईदासांचा डावा पाय गुडघ्याखाली कापून काढला, तेव्हा एक परिचारिका पिशवी मुलाच्या हातात देऊन म्हणाली की सामान घरी घेऊन जा. त्या पिशवीत आम्ही दोघी होतो. लागणार होती फक्त एक.

तुम्हाला वाटेल, आता तरी चप्पल घालण्याची किंमत कळली असेल. तुम्ही लहान आहात म्हणून तसे वाटते. गावात चर्चा झाली ती वेगळीच. रतिलालभाईंचे ते चित्रण अख्ख्या पंचक्रोशीत फिरले होते. जसोदाबाई डोळे पुसत प्रत्येकाला सांगायची, "समदा गावनी दखं. नजर लागी गयी हो, मन्हा माणूसना पायले नजर लागी गयी." रतिलालभाई भेटायला आले आणि उठता उठता म्हणाले, "मी दवमा चालाले सांगं व्हतं, उनमा नही." मग ते गेले. हल्ली ते लोकांना गरम पाण्याचे फायदे पाठवतात.

आणि पायाला लागली तशी नजर बागेला लागू नये, म्हणून जसोदाबाईने काळा दोरा आणला. घरात एक डावी चप्पल बिनकामाची पडलेलीच होती. अशा रीतीने मी वावरात आले. ज्या वावरात मला पायाखाली यायला बंदी होती, त्याच वावरात मला डोक्याच्या वर जागा मिळाली. पायात असते तर पाय वाचवला असता. इथे बसून मी काय वाचवते, ते मला माहीत नाही.

आता वर्ष होत आले. भाईदास वॉकर घेऊन वावरात येतात. लेंग्याच्या डाव्या अंगाला गाठ मारलेली असते, उजव्या पायात माझी बहीण असते. पहिल्या दिवशी ते बांधाशी येऊन थांबले. रीतीप्रमाणे उजवी काढायला वाकले, पण मधेच सरळ झाले. खाली मातीकडे बघितले. मग त्यांनी हाक मारली.

"नानी, जरा दख बरं. जमीन तपेल शे का?"

नानीबाई आली. तिने आपली निळी चप्पल बांधावर काढली, उघडा पाय मातीत टेकवला आणि पटकन उचलला.

"तपेल शे, शेठ."

माझा दोरा वाऱ्याने फिरला आणि मला वाटले, आता. आता या माणसाला सगळे कळले. आता ते म्हणतील, नानी, तू पण चप्पल घाल. मी वाट बघितली, खरेच बघितली.

"मंग मन्ही चप्पल ऱ्हाऊ दे," भाईदास म्हणाले. "माले डॉक्टरनी सांगेल शे."

आणि ते उजवीसकट पायवाटेवर उतरले. नानीबाई पपया तोडायचे क्रेट उचलून त्यांच्या मागे गेली. तिची निळी चप्पल बांधावरच राहिली, कारण मजुरांसाठी रीत अजून तीच आहे.

आता हे रोजचेच झाले आहे. रोज दुपारी ते विचारतात, रोज ती पाय टेकवून सांगते, आणि रोज ते चपलेसह आत जातात आणि ती अनवाणी. ती कधी कधी काम करता करता वर माझ्याकडे बघते. मला खाली मान घालता येत नाही, कारण मी आधीच उलटी टांगलेली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाला साखरेचा आजार असेल, तर रोज संध्याकाळी त्यांचे तळवे उचलून बघा. त्यांनी पाय आखडून घेतला तरी बघा, दिपालीसारखे विचारणे सोडू नका. त्यांना काही लागत नाही म्हणून हसत असतील, तर तुम्ही हसू नका. आणि जमीन तापली आहे का, हे विचारायला तुम्ही कोणाला हाक मारलीत, तर उत्तर ऐकून तसेच पुढे जाऊ नका. थांबा, आणि तिच्या पायात काय आहे ते बघा. बांधावरची तिची चप्पल तुमच्या हाताने उचलून तिला द्या. एवढ्या उंचीवरून मला ते करता येत नाही.